पाचवी फळी

१

गल्लीतली सगळी माणसं तिला मिस्त्रीण म्हणत. मिस्त्रीची बायको म्हणून नव्हे. नवरा होता तेव्हा तो विम्याच्या कचेरीत होता, आणि त्याला भिंतीत साधा खिळा ठोकायचा झाला तरी आधी पट्टी नि मलम शोधून ठेवावं लागे. मिस्त्रीण ती स्वतःच होती. वडिलांच्या हाताखाली करवत धरायला शिकली, त्यांच्या मागे दुकान चालवलं, आणि गल्लीतल्या निम्म्या घरांची दारं, पाळणे आणि जेवणाची टेबलं तिच्या हातची होती. रस्त्यानं जाताना ती उघड्या दारांतून आत डोकवायची. माणसं बघायला नाही, आपलं टेबल डुगडुगत तर नाही ना ते बघायला. एकही डुगडुगत नसे, आणि मग ती मान ताठ करून पुढे जायची.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिच्या मागे मधली खोली, बाजूला स्वयंपाकघर, आणि शेवटी मागच्या अंगणाकडे खिडकी असलेली झोपायची खोली. सकाळी चहा, मग रंध्याला धार, मग काम, जेवण, दुपारची डुलकी आणि पुन्हा काम. यात कित्येक वर्षांत फरक पडला नव्हता. फक्त अलीकडे उजवा हात कापायला लागला होता. फार नाही. कप बशीवर ठेवताना जरा वाजायचा, एवढंच. मिस्त्रिणीनं त्यावर तोडगा काढला होता. तिनं बशी घेणंच बंद केलं होतं.

पण लेकीच्या नजरेतून हे सुटलं असतं तर ती मिस्त्रिणीची लेक कसली! एका दुपारी लेक आली ती हातात प्लॅस्टिकचा पिंजरा घेऊन. आत राखाडी कापसाचा एक गोळा बसला होता. गोळ्याला दोन मोठे कान होते आणि तो पिंजऱ्याचा कोपरा मन लावून कुरतडत होता.

"हा उंदीर कुठून उचलून आणलास?"

"उंदीर नाही गं आई, चिंचिला आहे. कापशा नाव त्याचं. मला कामासाठी तीन-चार महिने बाहेर जायचंय. ठेवशील ना तू? फक्त हा पिंजरा बदलायला हवा. दिसेल ते कुरतडतो, आणि प्लॅस्टिक पोटात गेलं तर मरेल म्हणाली डॉक्टर. मी विकतचा मागवते एखादा."

"विकतचा?" मिस्त्रिणीनं अशा सुरात विचारलं, जणू कुणी तिच्या घरात येऊन डबा बाहेरून मागवायची भाषा केली होती. "सुताराच्या घरात विकतचा पिंजरा?"

लेक तिच्या हाताकडे बघत होती. मिस्त्रिणीनं तो पदराआड घेतला.

"आई, दुकान आता पुरे झालं. माझ्याकडे ये राहायला. किती वेळा सांगू?"

"पिंजरा मी करणार. तू परत आल्यावर बघ. त्यात एक जरी खोट निघाली, तर किल्ली तुझ्या हातात देते आणि येते तुझ्याकडे. आणि नाही निघाली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"नक्की?"

"मी कधी शब्द फिरवलाय?"

लेकीनं मान डोलावली. कापशानं तोवर प्लॅस्टिकच्या कोपऱ्याला बोट जाईल एवढं भोक पाडलं होतं.

२

वखारवाला तिला ओळखून होता, तरी त्यानं आधी प्लायवूडच पुढे केलं. हलकं, सरळ, कापायला सोपं.

"यात थरांना गोंद असतो," मिस्त्रीण म्हणाली. "तो कुरतडणार आणि गोंद खाणार."

"अहो बाई, उंदराला काय कळतंय?"

"त्याला कळत नाही म्हणून तर मला कळायला हवं."

देवदाराच्या फळ्या होत्या, सुरेख वासाच्या. पण त्या वासाचा अशा बारक्या जिवाच्या छातीला त्रास होतो, हे तिनं लेकीच्या डॉक्टरणीला फोनवर विचारून घेतलं होतं. चेरीचं लाकूड फळापुरतं गोड, दातांखाली घातक. जुन्या खोक्यांच्या फळ्या फुकट मिळत होत्या, पण त्यांना कीड लागू नये म्हणून कुणी काय चोपडलं असेल याचा नेम नाही. मिस्त्रीण वखारीत अर्धा दिवस हिंडली. शेवटी भट्टीत नीट वाळवलेलं पाईनचं लाकूड तिला पटलं. वडील करायचे तसं तिनं त्याचा ढलपा काढला, हुंगला आणि जिभेवर ठेवून डोळे मिटले. वखारवाला बघतच राहिला. ढलप्याला लाकडाशिवाय कसलीच चव नव्हती.

जाळी तिनं स्टीलची घेतली, जस्ताचा मुलामा नसलेली, कारण मुलामा दातांनी निघतो. भोकं इतकी बारीक की पंजा अडकू नये. तळ जाळीचा नाही, लाकडाचा, कारण जाळीवर उभं राहून पाय सोलवटतात. रंग नाही, पॉलिश नाही, फटी बुजवायची लांबी नाही. कोपरे गोल. आणि सगळ्या स्क्रूंची डोकी बाहेरच्या बाजूला, म्हणजे आतल्याच्या दाताला लोखंड लागणार नाही. आतून काहीच उघडायचं नव्हतं, त्यामुळे कडीही बाहेरून.

उड्या मारायला आत फळ्या हव्या होत्या. पहिली छान बसली. दुसरीच्या वेळी हात हलला आणि सांध्यात फट राहिली. लांबी भरून ती लपवता आली असती, पण लांबी चालणार नव्हती. मिस्त्रिणीनं ती फळी चुलीत घातली आणि नवी केली. मग तिसरी, मग चौथी. एकेका सांध्याला पूर्वी तासभर लागायचा तिथे सबंध दिवस गेला. रात्री मनगट शेकताना ती स्वतःवर जाम खूश होती.

काम संपल्यावर वडील एक गोष्ट न चुकता करायचे. खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पटाशीच्या कोपऱ्यानं नखाएवढी चंद्रकोर उमटवायचे. ज्यावर आपली कोर, त्याचं बरंवाईट आपल्या शिरावर. मिस्त्रिणीनं चारही फळ्यांना खालून कोर काढली आणि पिंजरा मधल्या खोलीत, भिंतीच्या गारव्याला ठेवला. कापशा आत शिरला, वरच्या फळीवर टणकन उडाला आणि लगेच कुरतडायला लागला. ती समोर स्टूल टाकून बसली आणि त्याच्या दातांचा आवाज ऐकत राहिली. टाळ्या ऐकाव्यात तशी.

३

आठवड्यानं जनावरांची डॉक्टरीण कापशाला तपासायला आली. लेकीनंच तिला सांगून ठेवलं होतं. तरुण होती, बोलायला मोकळी. पिंजऱ्यापाशी ती उकिडवी बसली आणि एकेका फळीवरून बोट फिरवत राहिली.

"काय झालं?" मिस्त्रिणीनं विचारलं.

"काकू, मी इतके पिंजरे बघते. असा नाही बघितला. ही फळी तर कमाल आहे. जोड कुठाय तेच कळत नाही. जशी काही ती तिथेच उगवलीय."

डॉक्टरणीचं बोट डाव्या बाजूच्या फळीवर होतं. कापशा तिच्यावरच बसला होता, अंग चोरून, भिंतीकडे तोंड करून.

मिस्त्रिणीनं फळ्या मोजल्या. पाच होत्या.

"ही तुम्हीच केलीत?" डॉक्टरीण कौतुकानं विचारत होती.

आता इथे कुणीही शहाणं माणूस "नाही बाई, मला काही आठवत नाही" म्हणालं असतं. पण डॉक्टरीण लेकीला फोन करणार, लेक विचारणार, आणि आईला आपण किती फळ्या केल्या तेही आठवत नाही असं कळलं की संपलंच. शिवाय कौतुक खरं होतं, आणि ते खूप दिवसांनी कानावर पडलं होतं.

"मग काय शेजारीण येऊन करून गेली?" मिस्त्रीण म्हणाली. दोघी हसल्या.

डॉक्टरीण गेल्यावर तिनं हात आत घालून फळी चाचपली. स्क्रू नव्हता. खिळा नव्हता. कड इतकी मऊ होती की बोट कुठे संपलं आणि लाकूड कुठे सुरू झालं ते समजेना. तिनं आरसा धरून खालची बाजू बघितली. कोर नव्हती. वरच्या बाजूला दातांचा एकही ओरखडा नव्हता. बाकीच्या चार फळ्या कापशानं मनसोक्त कुरतडल्या होत्या.

मीच केली असणार, तिनं स्वतःला समजावलं. जळलेल्या फळीच्या रागात आणखी एक केली असेल, आणि विसरले असेन. वय झालं की असं होतं. मात्र हे मनात म्हणताना तिला एक गोष्ट टोचत राहिली. हा सांधा तिला तिच्या ऐन उमेदीतही जमला नसता.

तिनं पटाशी आणली. हात आत घातला, पटाशीचा कोपरा फळीच्या पोटाला टेकवला आणि कोर उमटवली. काढताना हात जराही कापला नाही. कुणी मनगटाखाली आधार द्यावा तसा तो स्थिर राहिला. मिस्त्रिणीला त्या क्षणी भीती वाटली नाही. तिला आपण पुन्हा तीस वर्षांच्या झाल्यासारखं वाटलं.

४

दोन-चार दिवसांनी ती न्हाणीघरात असताना दुकानातून रंधा चालल्याचा आवाज आला.

शेजारी कुणी काम काढलंय का, हा पहिला विचार. पण स्वतःचा रंधा माणसाला ओळखू येतो. त्याच्या पात्याला डाव्या अंगाला एक बारीकसा खाडा होता, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी तो हलकीशी शीळ घालायचा. ती शीळ येत होती. फेरी लांब होती, एका दमात, एका दाबात, न थांबता. मिस्त्रीण अंगाला साबण लावलेली तशीच उभी राहिली आणि तिच्या मनात आलं ते एवढंच: हात बसलेला आहे याचा.

कशीबशी साडी गुंडाळून ती बाहेर आली तोवर आवाज बंद झाला होता. दुकानात कुणी नव्हतं. पुढच्या दाराची कडी आतून लागलेली होती. रंधा जिथल्या तिथे होता, पातं तेवढं कोमट होतं. खाली जमिनीवर एक ढलपा पडला होता. तिनं उचलला तर तो उलगडतच गेला, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कुठे जाड नाही, कुठे फाटलेला नाही. खिडकीशी धरला तर त्यातून गल्ली दिसत होती.

खरं म्हणजे तिनं तेव्हाच लेकीला फोन करायला हवा होता. तिनं केलाही. पण लेकीनं उचलल्याबरोबर आधी पिंजरा दाखवायला सांगितलं. मिस्त्रीण फोन घेऊन मधल्या खोलीत गेली, आणि पिंजऱ्याला आता वर एक छोटंसं घर होतं, कापशाला लपायला, सफरचंदाच्या लाकडाचं, गोल दाराचं. तिनं सफरचंदाचं लाकूड आणलंच नव्हतं.

"आई!" फोनमधून लेक ओरडली. "हे कधी केलंस? मी इथे सगळ्यांना दाखवते थांब! बघा, माझ्या आईनं केलंय!"

लेकीच्या मागे चार-पाच चेहरे आले, वा वा म्हणाले, कुणी काहीतरी विचारलं. मिस्त्रिणीनं पाईनबद्दल, गोंदाबद्दल, जाळीबद्दल सांगितलं. छान सांगितलं. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की जे सांगायला फोन केला होता ते राहूनच गेलं. आणि आता ते सांगायचं कसं?

कापशा त्या घरात शिरला नव्हता. तो पाचव्या फळीवर बसून होता. आवडती जागा आहे बिचाऱ्याची, असं तिनं स्वतःशी म्हणून टाकलं. पण जागा आवडली असती तर तो कधीतरी तिच्यावरून उडाला असता, खेळला असता. तो नुसता बसायचा. कुणीतरी बघत असताना बसावं तसा.

५

यानंतरच्या गोष्टी घरात झाल्या, एकेक करून, दोन-तीन महिन्यांत.

आधी स्वयंपाकघरातल्या टेबलाचे कोपरे. चारही गोल झाले होते. मग झोपायच्या खोलीच्या दाराचा निळा तैलरंग गेला, नुसता गेला, खरवडल्याची खूण नाही, आणि आतलं लाकूड कोरं होऊन निघालं. कॅलेंडर एका सकाळी जमिनीवर उभं केलेलं मिळालं, कारण भिंतीत खिळा राहिला नव्हता. कुठल्याच भिंतीत खिळा राहिला नव्हता. प्लॅस्टिकची बादली जाऊन तिथे स्टीलची आली. कपाटाची प्लायवूडची दारं जाऊन पाईनची आली. तिच्या आईची देवदाराची पेटी मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेली होती, आतल्या साड्या नीट घडी करून घरात काढून ठेवलेल्या.

ती पेटी बघितली तेव्हा मिस्त्रीण अंगणात तिच्यावर हात ठेवून उभी राहिली. कारण तोवर ती प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण देत आली होती. रंग जुना होता, पडला असेल. बादली लेकीनं कुणाकरवी पाठवली असेल. कोपरे मीच मागे कधीतरी घासले असतील. पण देवदार घराबाहेर का काढतात, हे तिला माहीत होतं. तो वास कुणाच्या तरी छातीला सोसणार नाही म्हणून काढतात.

पेटी तिनं ओढत परत आत आणली. दुपारी डुलकी काढून उठली तर ती पुन्हा बाहेर होती, आणि भिंतीवरून पावसाचं पाणी पडू नये म्हणून वर ताडपत्री घातलेली होती.

त्याच दिवशी झोपायच्या खोलीच्या खिडकीला जाळी आली. स्टीलची. मिस्त्रिणीनं जवळ जाऊन बघितलं. काम बघितल्याशिवाय तिला राहवतच नसे, मग जीव का जाईना. भोकं सारखी होती, जोड सारखे होते. त्यातून तिची दोन बोटं गेली, पंजा गेला नाही. चौकट भिंतीत अशी बसली होती की सुरीचं टोक शिरणार नाही. स्क्रू कुठेच दिसेनात, तेव्हा तिला समजलं की ते पलीकडच्या बाजूनं लावलेले आहेत.

तिनं फोन हातात घेतला. लेकीचं नाव समोर होतं. बाळा, घरात कुणीतरी काम करतंय, असं म्हणायचं होतं. त्यावर लेक काय म्हणेल तेही तिला ऐकू येत होतं. मग तो पिंजरा? ती फळी? ते घर, जे मी सगळ्यांना दाखवलं? आणि पुढे लेक अगदी प्रेमानं, अगदी हळू आवाजात म्हणेल, काही हरकत नाही आई, मी येते, किल्ली काढून ठेव.

मिस्त्रिणीनं फोन खाली ठेवला. लेक आता आठ-दहा दिवसांत येणारच होती. तेवढे दिवस काय, असेच जातील.

६

एकदा तिनं पाहायचं ठरवलं. भरदुपारी, ऊन खिडकीत असताना, ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली आणि घोरल्याचं सोंग केलं. उशाशी हातआरसा ठेवला होता, त्यात खिडकी दिसत होती.

आधी दुकानात रंधा चालला. मग थांबला. मधल्या खोलीत काहीतरी मऊ घासलं गेलं. बराच वेळ काहीच नाही. कापशाही हलत नव्हता. नंतर पावलांचा आवाज येईल म्हणून ती वाट बघत राहिली, पण पावलं आली नाहीत. एवढंच झालं की खिडकीतलं ऊन गेलं. सगळंच गेलं, ढग येतो तसं नाही, दार लोटून घेतल्यासारखं.

आरशात चौकटीच्या खालच्या कडेवर एक अंगठा दिसला.

फक्त अंगठा. तो जाळीच्या पलीकडून, बाहेरून आला होता आणि चौकटीवरून हळूहळू सरकत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुसळ आहे का, टोचेल का, ते चाचपत. मिस्त्रीण स्वतः प्रत्येक कामाच्या शेवटी हेच करायची. अंगठा घट्ट्यांनी भरलेला होता. त्याचं नख तिच्या तळहाताएवढं होतं. आणि तो जराही कापत नव्हता.

मध्येच तो थांबला. एका जागी परत आला. मग ओल्या श्वासासारखा आवाज झाला, काहीतरी चौकटीला टेकलं, रुंद, ओलसर, आणि लगेच मागे गेलं. ऊन परत आलं. बऱ्याच वेळानं उठून तिनं जाळीतून दोन बोटं घालून चौकटीला लावली. लाकूड ओलं होतं. कुणीतरी ते जिभेला लावून बघितलं होतं.

आता सांगायला लाज वाटेल अशी गोष्ट, पण ती खरी होती. भीतीनं तिचे दात वाजत होते, आणि त्या भीतीच्या तळाशी तिला बरं वाटत होतं. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या पाळण्यांच्या कडा घासल्या. तिच्या घराची कड आजवर कुणी चाचपून बघितली नव्हती. ज्यानं कुणी हे केलं होतं त्यानं वखारीत अर्धा दिवस घालवला असणार, असं तिच्या मनात आलं, आणि तिला हुंदका फुटला.

लेक यायच्या आदल्या दिवशी दुकानाचं दार बदललं. जुनं वडिलांनी बसवलेलं होतं. नवं त्याहून देखणं होतं, यात वादच नाही. त्याला आतून कडी नव्हती. आतून काहीच नव्हतं, सपाट लाकूड. मिस्त्रिणीनं ढकललं, मग खांदा लावून ढकललं. दार जागचं हललं नाही. मागच्या अंगणाचं दारही तसंच झालं होतं.

ती दारापाशी स्टूल घेऊन बसली. उद्या येतेय पोर, ती स्वतःला म्हणाली. उद्या सगळं सांगून टाकते. खड्ड्यात गेलं ते दुकान.

७

सकाळी कडी सरकली आणि लेक आत आली. मिस्त्रीण स्टुलावरून उठली. लेकीला घट्ट धरायचं आणि तिच्या आधी उंबरा ओलांडायचा, असं तिनं मनाशी घोकून ठेवलं होतं.

"अगं, बाहेरून कडी कशी? मला वाटलं बाजारात गेलीस की काय," लेक म्हणत होती, आणि बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. तिचं लक्ष दाराकडे गेलं होतं. तिनं दारावरून हात फिरवला. मग ती आत गेली. कपाट, टेबल, चौकटी, सगळ्याला हात लावत गेली. मधल्या खोलीत पिंजऱ्यासमोर बसली. मिस्त्रिणीच्या लेकीला लाकूड कळत होतं. लहानपणी ती या दुकानात ढलप्यांच्या ढिगात झोपलेली होती.

"आई," ती म्हणाली, "मला एक खरं सांग. हे तू केलंयस? कुणाला मदतीला घेतलं असशील तरी मी काही बोलणार नाही. मला फक्त खरं सांग."

दार मागे उघडं होतं. उंबऱ्यावर गल्लीतलं ऊन पडलं होतं. मिस्त्रिणीला त्या दारातून दोन पावलांत बाहेर जाता आलं असतं.

पण लेकीचे डोळे भरले होते. त्यांत ती नेहमीची काळजी नव्हती, ती कणव नव्हती जी हाताकडे बघताना असायची. मिस्त्रीण एवढीशी होती तेव्हा ती स्वतः आपल्या वडिलांकडे ज्या डोळ्यांनी बघायची, ते डोळे होते.

"कुणाला घेणार मदतीला?" मिस्त्रीण म्हणाली. "मीच केलं. याच हातांनी."

लेक तिच्या गळ्यात पडली आणि रडायला लागली. चुकलंच माझं, म्हणाली. तुझा हात गेला म्हणत होते मी, मला माफ कर. पुन्हा कधी दुकानाचं नाव काढणार नाही. मिस्त्रीण तिच्या पाठीवर थोपटत राहिली. कडीचं विचारलं तेव्हा, दूधवाल्यानं चुकून लावली असेल, असंही तिनं सांगून टाकलं.

लेक घाईत होती, गाडी उभी होती. कापशाला तिनं प्रवासाच्या खोक्यात घालायला काढलं. पिंजऱ्यातून बाहेर निघाल्याबरोबर तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा उसळला, तिच्या हातावरून खांद्यावर, खांद्यावरून डोक्यावर, आणि त्याला पकडताना दोघींची हसून पुरेवाट झाली. पिंजरा नंतर टेम्पोनं नेऊ, लेक म्हणाली. आईच्या गालाचा पापा घेतला आणि सवयीनं मागे दार लोटून घेतलं.

बाहेर गल्लीत कुणीतरी तिला थांबवलं असावं. दाराच्या लाकडातून तिचा आवाज स्वच्छ येत होता.

"अहो, बघायला या एकदा! सगळं घर नवं केलंय तिनं. एकटीनं! या वयात! हात बघा कसा आहे माझ्या आईचा!"

इकडे दाराची बाहेरची कडी सरकली. हलकेच, कुरकुर न करता, घाई न करता. लेक तर दारापासून लांब होती, तिचा आवाज गल्लीच्या मध्यातून येत होता.

मिस्त्रिणीनं हाक मारायला तोंड उघडलं. एवढ्या अंतरावरून हाक सहज ऐकू गेली असती. लेक धावत आली असती, कडी काढली असती, आणि विचारलं असतं, काय झालं आई?

बाहेर लेक अजून सांगत होती. पाईन कसं निवडलं, गोंद कसा टाळला, सांधा कसा दिसतच नाही. मिस्त्रीण ओठ मिटून, मान ताठ करून, ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत उभी राहिली.